मुकादमाचा रंग

१

मासे पाळणारा माणूस शांत असतो, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी मासे पाळलेले नसतात. पाण्यात सकाळ-संध्याकाळ मारामारी चाललेली असते, फक्त आवाज येत नाही एवढंच. मी जन्मभर हाच धंदा केला आणि शांत वगैरे काही झालो नाही. शाळेत मास्तरांनी मला दगड म्हणून सोडून दिलं होतं. दगडच राहिलो.

घरामागे आमची शेड आहे. तिथं लोखंडी मांडणीवर काचेच्या टाक्या, एकावर एक. पुढच्या खोलीत मात्र एकच टाकी, लांबलचक, भिंतीला लावलेली. तिच्यासमोर माझी खुर्ची आणि खुर्चीमागे माझी खाट. सकाळी उठून मी आधी टाकी बघतो, मग तोंड धुतो. नळीनं तळाची घाण ओढायची, थोडं पाणी काढायचं, तेवढंच आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी घालायचं, गाळणीचा स्पंज पिळायचा. पंप रात्रंदिवस घुमत असतो. तो बंद पडला तरच माझी झोप मोडते.

या टाकीतल्या जातीला आम्ही निळे म्हणतो, पण निळा असतो एकच. लहानपणी सगळे राखेच्या रंगाचे. नर कुठला, मादी कुठली, माझ्यासारख्यालाही सांगता येत नाही. वयात आले की नरांची जुंपते, आणि जो जिंकतो त्याला रंग चढतो. अंग निळं, पाठीचा पर पिवळा, आणि डोळ्यापासून जबड्यापर्यंत काळा पट्टा, काजळ ओघळल्यासारखा. बाकीचे नर राखीच राहतात. माद्यांच्या घोळक्यात मान खाली घालून फिरतात. रंगायची ताकद त्यांच्यातही असते, पण एका टाकीत रंग एकाचाच. त्याला बाहेर उचला, दुपारपर्यंत दुसरा कोणीतरी निळा. म्हणजे बेटा इतके दिवस रंग आत दाबून बसला होता! आणि हरलेल्याचा रंग उतरतो तो बघवत नाही. चहा निवायच्या आत राख.

निळा असेल त्याला आमच्या घरात मुकादम म्हणतात.

बायको होती तेव्हाचा मुकादम भिकार निघाला. शेडमध्ये निळाशार, पुढच्या खोलीत आणला की राख. पाणी बदललं, दिवा बदलला, खाणं बदललं. ही म्हणायची, "तुम्ही खुर्चीत बसलात की मासे कोपरा धरतात हो." मी म्हणायचो, "तू तुझं बघ." शेवटी तो मुकादम मी मगरीला घातला. मगर म्हणजे शेडच्या टोकाच्या मोठ्या टाकीतला लांब तोंडाचा मासा. जे बिनकामाचं ते तिच्याकडे जातं. धंदा आहे, अनाथाश्रम नाही.

मग बायको गेली. आणि काय योग बघा, त्याच सुमारास नव्या मुकादमाला असा रंग चढला की रस्त्यानं जाणारे खिडकीतून डोकवायला लागले. म्हटलं, चला, म्हातारपणी निदान एक गोष्ट मनासारखी झाली. त्या रंगाचा मला फार ताठा होता.

२

माझा मुलगा म्हणजे निव्वळ पाणी. लग्न झालं, टक्कल पडायला लागलं, तरी माझ्यासमोरून जायचा तो भिंत धरून. हाक मारली की मान एका खांद्यावर कलती करून उभा. मी त्याला पाणचट म्हणायचो, तोंडावर म्हणायचो, पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

धंदा शिकवला, पण हात बसेना. साधं मासा धरायचं काम. उजवा हात रिकामा, तो पुढून पाण्यात घालायचा, बोटं जरा पसरून. मासा हाताकडे बघत राहतो. डाव्या हातात जाळी, ती मागून आणायची. घाई नाही, राग नाही. हा मूर्ख दर वेळी जाळीच पुढे करायचा.

"अरे, जाळी दाखवून कोण जाळ्यात येतं का?" मी ओरडायचो.

"फसवल्यासारखं वाटतं, बाबा," असं म्हणायचा.

सून मात्र तिखट. बोलायला लागली की पंपाला हरवील. घरात मला उलट बोलणारी तेवढी एकच, आणि खरं सांगायचं तर तिच्या बोलण्यावरच माझा दिवस जायचा.

एके दिवशी चहाचा कप घेऊन मी पुढच्या खोलीत आलो, तर खुर्चीत मुलगा बसलेला.

"ऊठ," मी म्हटलं.

"बसा ना, बाबा. स्टूल आहे की."

तो उठला नाही. मला एवढं नवल वाटलं की मी खरंच स्टुलावर बसलो. मग टाकीकडे लक्ष गेलं. मुकादम राख झाला होता. अंगावर ओरखडा नाही, पर फाटलेला नाही, खवला उडालेला नाही. कोपऱ्यात, स्पंजच्या मागे, बाकीच्यांत दाटीवाटीनं उभा.

"याला काय झालं?"

"कुणाला?" मुलानं बघितलंसुद्धा नाही. "म्हातारा झाला असेल."

आतून सून ओरडली, "बाबा, सकाळी सकाळी त्याच्यावर खेकसला असाल! मीपण झाले असते राखी."

मी हसलो नाही. मी दुसराच हिशेब करत होतो. मुकादम हरला, ठीक. मग जिंकला कोण? एकेक मासा बघितला. सगळे राखी. असं होत नाही. टाकी बिनमुकादमाची राहत नाही, दिवसभरसुद्धा नाही.

३

माणसानं आधी साधी कारणं बघावीत. मी पाणी बदललं. हीटर हात लावून बघितला. दिवा काढून शेडमधला लावला. फरक नाही. मग टाकीच्या पुढच्या काचेला जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. मासे बुजले की आम्ही असं करतो, बाहेरची हालचाल दिसली नाही की निवळतात.

दुपारी बाजूनं डोकावलो. मुकादम निळा! पिवळा पर ताठ, गालावर काळा पट्टा, आणि बाकीच्यांना हाणत सुटलेला. म्हटलं, झालं, बुजला होता बिचारा. कागद काढले. खोलीत मी एकटाच. रंग टिकला.

मग मागच्या दारात मुलाच्या चपला वाजल्या. तो आला, खुर्चीत बसला, पाय लांब केले. मी टाकीवरून नजर हलवली नव्हती. पट्टा आधी गेला, मग पिवळा, मग अंगाचा निळा पुसल्यासारखा गेला. माझ्या हातातला चहा अजून गरम होता.

दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये गेल्यावर मी स्वतः खुर्चीत बसून बघितलं. मुकादम निळाच राहिला. राहिला ते सोडा, काचेजवळ आला, गळा फुगवला, पर फिस्कारले आणि माझ्या तोंडावर धडक मारली. ठण्ण. परत मागे गेला, परत ठण्ण. राखी नराला हाकलतात तसा मला हाकलत होता, माझ्याच घरातून. हिचं ते कोपऱ्याबद्दलचं बोलणं मला आठवलं. मी ते तिथंच दाबून टाकलं. मेलेल्या बायकोच्या थट्टेवर विचार करत बसायला मी काही कवी नाही.

संध्याकाळी मुलगा खिडकीशी उभा होता. उजेड गालावर पडला होता. डोळ्याच्या कोपऱ्यापासून जबड्यापर्यंत मला एक काळपट रेघ दिसली.

"तोंड धू," मी म्हटलं.

"धुतलंय."

पत्र्याच्या शेडमध्ये काम करतो, रापला असेल. काजळी लागली असेल. पण त्यानं मान वळवली तेव्हा दुसऱ्या गालावरही तीच रेघ होती, तशीच, तेवढीच.

"बाबा," तो म्हणाला, "तुमची खाट शेडमध्ये टाकू या का? गारवा असतो तिथं. पुढची खोली लागणार आहे."

"कशाला लागणार आहे?"

"लागणार आहे."

"ही खोली माझी आहे. मी मेलो की घे. तोवर नाव काढू नकोस."

त्यानं आवाज चढवला नाही, तेच वाईट. पाण्यात हात घालून मासा बुजला की नाही बघावं, तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "घाई नाही."

४

घरातला आवाज कमी झाला हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पंप घुमत होता, नळ वाजत होता, भांडी वाजत होती. सून वाजत नव्हती.

"दाढ दुखते का?" मी विचारलं. तिनं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. ओठ घट्ट मिटलेले, गाल भरलेले, हनुवटीखालची कातडी सैल सुटलेली. गळू असेल, असं मी मनाशी धरलं. मग बघितलं, तिचं ताट जसंच्या तसं परत जातंय. दुसऱ्या वेळीही. आणि जबडा हलतोय. काही खात नसताना, हळूहळू, तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवल्यासारखा.

"डॉक्टरकडे चल," मी म्हटलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

"तिला बोलायला लावू नका, बाबा," तो म्हणाला. "खायचा आग्रह करू नका. मागच्या खोलीत अंधार केलाय, तिथं बसू दे. दचकली तर सगळं जाईल."

शब्द त्याचे नव्हते. माझे होते. निळ्यांची मादी अंडी तोंडात धरते. पिल्लं होईपर्यंत खात नाही, तोंड उघडत नाही. तिला गार, अंधाऱ्या जागी वेगळं काढायचं, डिवचायचं नाही, नाहीतर सगळं थुंकते किंवा गिळते. हे मीच त्याला शिकवलं होतं. पुढचंही शिकवलं होतं. पिल्लं सोडायची वेळ आली की टाकीतले बाकीचे आधी उचलायचे, आणि त्यातही म्हातारे राखी नर सगळ्यांत आधी. ते भांडण करत नाहीत. पण पिल्लं खातात.

मग स्वतःलाच शिव्या घातल्या. माणसाच्या घरात माशाचे नियम लावतोस? जन्म टाकीसमोर गेला की डोक्यातही शेवाळ धरतं.

त्याच दुपारी मासे न्यायला दुकानदार आला. हा माझा जुना दोस्त. दर वेळी दारातून ओरडणार, "काय मुकादम, अजून आहात?" आणि मी म्हणणार, "तुला पोचवून मग जाईन." आज त्यानं "काय मु—" म्हटलं आणि मुलगा खुर्चीतून उठला. नुसता उठला. दुकानदाराची मान खांद्यावर कलली. पिशव्या छातीशी धरून तो भिंतीकडेनं सरकत शेडकडे गेला आणि तसाच सरकत बाहेर आला. मी त्याला रस्त्यावर गाठलं.

"काय रे, भूत बघितलंस का?"

"हळू बोला हो. मालक घरात आहेत."

"मालक मी आहे."

"हो हो," तो म्हणाला. माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत. "तुम्हीपण."

मी घरात परत आलो. पुढच्या खोलीतून मोरीकडे गेलो आणि हाताला चुना लागला म्हणून थबकलो. मी भिंत धरून चालत होतो. कधीपासून, देव जाणे.

५

मुलगा पुढच्या टाकीतले मासे उचलत होता.

मी स्टुलावर बसून बघत होतो. उजवा हात रिकामा, पुढून पाण्यात. बोटं जरा पसरलेली. डावा हात मागून. घाई नाही, राग नाही. एकही मासा पळाला नाही, एकही थेंब बाहेर उडाला नाही. बाप म्हणून मला खरं तर बरं वाटायला हवं होतं.

"कुठं नेतोस त्यांना?"

"मगरीला."

"मुकादमालाही?"

"तुम्हीच म्हणता ना, बाबा, बिनकामाचं ठेवू नये."

मुकादम शेवटी राहिला. तो त्या रिकाम्या हाताकडे बघत होता, तोंड उघडमीट करत. जाळी पोटाखाली आली तेव्हाही हाताकडेच बघत होता. मी म्हणणार होतो, तो ठेव. माझा आहे. मी तोंड उघडलं आणि मिटलं. शेडच्या टोकाला पाणी एकदा खळबळलं.

मग त्यानं टाकी घासली. वाळू धुतली. शिळं पाणी भरलं. हात घालून ऊब बघितली. रिकाम्या टाकीत दिवा लावून ठेवला आणि खिडकीला पडदा ओढला.

"खाट आज हलवू," तो म्हणाला.

"मी हलणार नाही." एवढं मात्र मी बोललो. पण बोललो ते जमिनीकडे बघून.

६

तो मगरीची टाकी बघायला गेला तेव्हा मी मागच्या खोलीत शिरलो. ऊन डोक्यावर होतं, पण आत काही दिसेना. खिडकीला ओली चादर लावलेली. वास मी ओळखला, तळ ढवळल्यावर येतो तो. सून जमिनीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. खोलीत पंप नव्हता, तरी बारीक आवाज येत होता, ओल्या मातीतून बुडबुडे सुटावेत तसा. तो तिच्याकडून येत होता.

"सूनबाई, मी आहे. ऊठ. तुला तुझ्या आईकडे सोडतो. तो शेडमध्ये आहे, आत्ताच निघू."

ती वळली. डोळे तिचेच होते. त्यात पाणी होतं. तिनं मान हलवली, आणि या खेपेला कळलं. नाही.

"मग एकदा बोल तरी. शिवी दे मला. म्हातारा खवीस म्हणायचीस ना? म्हण."

तिला हसू आलं असावं. देवाशपथ, मला वाटतं हसूच आलं. ओठ जरासे सुटले.

आत जीभ दिसली नाही. दात दिसले नाहीत. अंधार होता आणि त्या अंधारात पपईच्या बियांसारखं काहीतरी, ओलं, काळं, खेटून भरलेलं. माझ्यामागच्या उघड्या दारातला उजेड आत गेला तशा त्या बिया हलल्या. आणि सगळ्या एकदम माझ्याकडे वळल्या.

ते वळणं मी जन्मभर बघितलंय. सकाळी टाकीपाशी गेलं की मासे असेच वळतात. ओळख नसते ती. भूक असते.

तिनं एका हातानं तोंड झाकलं. दुसऱ्या हातानं मला लोटलं, चुलीजवळच्या पोराला लोटावं तसं, रागानं नाही. त्यांच्यापासून मला वाचवत होती की माझ्यापासून त्यांना, ते मला अजून कळलेलं नाही.

७

मी पुढच्या खोलीत खाटेवर बसलोय. खाट कोपऱ्यात आहे. मी ती कोपऱ्यात ओढली नव्हती, पण आता तिथून उठवत नाही. समोर टाकी, स्वच्छ, दिवा लावलेली, पाणी नुसतं थरथरतंय. काचेत माझा चेहरा दिसतो. केस राखी, ते वयानं. कातडी राखी, ती वयानं. ओठ राखी. डोळेसुद्धा. मी स्वतःशी म्हणतोय, म्हातारा माणूस काय निळा दिसणार आहे? आरसा काय, काच काय, वय कोणाला सोडतं? अजूनही मी साधी कारणं शोधतोय. सवय.

मागच्या खोलीतून सून चालत येतेय. पावलं हळू, भरली घागर आणावी तशी. ती दाराशी थांबलीय. वाट बघतेय, खोली रिकामी व्हायची.

शेडचं दार वाजलं. मुलगा आत आलाय. पडद्यातून येणाऱ्या उजेडात त्याची मान पिवळी दिसते, आणि गालावरचे पट्टे आता कोणालाही दिसतील. मी म्हणायचं ठरवलं होतं, ही खोली माझी आहे. वाक्य तयार आहे. जबडा हलतो, आवाज येत नाही. मान आपोआप खांद्यावर कलली.

"चला, बाबा," तो म्हणतो. केवढ्या मायेनं म्हणतो. लहानपणी मी त्याला असं कधी बोललो नाही.

त्यानं उजवा हात पुढे केलाय. धुतलेला, ओला, रिकामा. बोटं जरा पसरलेली. आता बरोबर जमलंय त्याला.

डावा हात कुठं आहे ते मला बघायचंय. नुसती मान वळवायची आहे, अवघड काहीच नाही. पण मी त्या रिकाम्या हाताकडे बघत बसलोय.